गळका टॅप आणि डेक्लनची नोकरी

टॅपखाली कुकरचं भांडं लावलेलं होतं आणि त्यात बिअर ठिबकत होती.

"तुमच्या त्या डेक्लनने वाट लावली आहे," निलेश म्हणाले. "नवा टॅप बसवून महिनासुद्धा झाला नाही. मी सरळ तक्रारच केली."

तक्रारीचं मला माहीत होतं. सकाळी व्हॅनची चावी देताना नोरीन, म्हणजे माझी बॉस, म्हणाली होती, "सँट्री भागातलं घर आहे. चूक डेक्लनची निघाली, तर त्याला कायम करणार नाही. बघून मला फोन कर."

डेक्लन आमचा नवा फिटर. प्रत्येक जॉइंट दोनदा तपासल्याशिवाय पाना खाली न ठेवणारा. पण तो तिथे नव्हता, आणि जो समोर नसतो त्याच्यावर खापर फोडणं सगळ्यांत सोपं. या प्रकाराची मला भयंकर चीड आहे.

आम्ही पबमधल्या बिअरच्या लाइन्स, म्हणजे नळ्या आणि टॅप, सांभाळतो. हल्ली लोक घरीही सेटअप लावतात. केग म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप. शेजारी गॅसचा सिलिंडर. गॅस बिअरला ढकलतो, ती नळीतून टॅपपर्यंत येते. टॅपच्या मागच्या तोंडाशी आत एक रबरी सील असतं. टॅप बंद केला की ते घट्ट बसतं आणि बिअर थांबते.

गळती दोन ठिकाणांहून होऊ शकते. मागच्या जॉइंटमधून झाली, तर फिटरची चूक. पुढच्या तोंडातून झाली, तर आतलं सील नीट बसत नाही. मी जॉइंटला कोरडा टिश्यू गुंडाळला आणि थांबले. टिश्यू कोरडाच राहिला. थेंब पुढून पडत होते.

"म्हणजे टॅपच खराब दिला त्याने," निलेश म्हणाले.

"उघडून तर बघू."

गॅस बंद केला, लाइनमधलं प्रेशर सोडलं, टॅप काढला. आट्यांत लालसर काहीतरी होतं. गंज म्हणावा, तर स्टेनलेस स्टील. बोटावर घेऊन चोळलं. कुंकू! चिमट्याने सीलजवळ चाचपलं, तर तिथे फुगलेला तांदळाचा दाणा. लाल.

मी मान वर केली. कोपऱ्यातल्या टेबलावर निलेशचा लॅपटॉप होता. त्याच्या झाकणावरही हळदकुंकवाची बोटं उमटलेली.

"खंडेनवमीला टॅप काढला होता?"

टेबलाशी लसूण सोलत बसलेल्या त्यांच्या आई उत्तरल्या. नागपूरहून आल्या होत्या. "मीच म्हटलं काढ म्हणून. पिंप काही हालत नव्हतं, मंग टॅपच मांडला पाटावर. लॅपटॉप, पाना, टॅप. सगळ्याइले अक्षता वाह्यल्या."

"आई, तू थांब जरा." निलेशनी आवाज खाली आणला. "हे बघ, सील खराब होतं असं सांग ना. आपण आपली माणसं."

"आणि डेक्लन कुणाचा माणूस?" मी तडकले. "तुमच्या तक्रारीवर त्याची नोकरी अडली आहे."

"अगं, पण तुझ्या त्या बॉसला मी काय सांगू? बिअरच्या टॅपची पूजा केली? हसेल ती."

"हसू दे की!" आई म्हणाल्या. "दोष आपला अन् त्या पोराले कायले बोल लावतं? लाव फोन."

आईपुढे निलेशचं काही चाललं नाही. फोन स्पीकरवर होता. अक्षता म्हणजे काय हे ते बराच वेळ समजावत होते.

"म्हणजे तुम्ही टॅपला आशीर्वाद दिला?" नोरीनने विचारलं.

"हो. तसंच काहीसं."

"ग्रँड, हरकत नाही. आमची आजी नव्या गाडीवर चर्चमधलं तीर्थ शिंपडायची. पण इंजिन उघडून नाही."

आईंना त्यातलं काही कळलं नाही, पण निलेश हसले म्हणून त्याही हसल्या. मी दाणा काढून सील धुतलं, टॅप बसवला, गॅस सुरू केला. कुकरच्या भांड्यात पुढे एक थेंब पडला नाही.

डेक्लन कायम झाला. आता भारतीय घरात गेला, की पाना काढण्याआधी तो अदबीने विचारतो, "यावर काही धार्मिक झालंय का?"

माझं म्हणणं एवढंच. पूजा खुशाल करा, पण टॅप जागेवर ठेवून करा. आणि माणसाचं नाव घेण्याआधी गळती कुठून आहे ते बघा. त्याला टिश्यूचा एक कागद पुरतो.