बजरंगमामांना कुणी विचारलं नाही

आमच्या सात गावांच्या पाणी योजनेवर बजरंगमामा बत्तीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. वडवणी तालुक्यातल्या आमच्या भागात कुठेही उभं करा, पायाखालचा पाइप किती खोल आणि कुठे वळतो ते सांगणार. गळती शोधायला त्यांना मशीन लागायचं नाही. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी जमिनीवर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, की झालं. शिक्षण चौथी. मी त्यांची साहेब, पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता, डिग्रीवाली. ऑफिसातलं सगळं शहाणपण माझ्याकडेच आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

एका बैठकीत बांधकामचे साहेब पुलाच्या उंचीबद्दल बोलत होते. मामा मागून म्हणाले, "तितं पावसाळ्यात पानी वरून जातं, सायेब." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी त्यांना झापलं, "मामा, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." वडिलांच्या वयाचा माणूस! ते फक्त "बरं, म्याडम" म्हणाले.

पुढच्या वर्षी मामांच्याच गावाला रुग्णालय मंजूर झालं, डायलिसिससकट. मामांइतका आनंद कुणालाच झाला नसेल. त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, आठवड्यातून दोनदा एसटीने बीडला न्यावं लागायचं. येताना त्या बाकावर आडव्या व्हायच्या. "आता हिला चालत नेतो," असं मामा ज्याला त्याला सांगत सुटले.

मग जागेची संयुक्त पाहणी ठरली. म्हणजे बांधकाम, आरोग्य, वीज आणि आम्ही पाणीवाले, अशा चार खात्यांनी मिळून जागा पायाखाली घालायची. प्रत्यक्षात काय, तर नारळ फुटतो, चहा-भजी होतात, एक फोटो निघतो आणि 'हरकत नाही'चा कागद सह्या गोळा करत फिरतो. दुसऱ्याने बघितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटतं. त्या दिवशीही तेच झालं. माझ्या नकाशात मुख्य लाइन रस्त्याच्या कडेने सरळ गेली होती, रुग्णालयासाठी ठरलेलं मैदान मोकळं. मामा मात्र लांब, मैदानाच्या मधोमध चावी धरून उभे होते. माझ्याकडे बघत त्यांनी ती दोनदा जमिनीवर आपटली. मला वाटलं, कंटाळले. मी हातानेच 'थांबा' म्हटलं.

संध्याकाळी ते ऑफिसात आले होते म्हणे. मी सही करून केव्हाच बीडला निघून गेले होते. "म्याडमनी कायी इचारलं का?" एवढंच त्यांनी शिपायाला विचारलं आणि परत गेले.

महिन्याभराने पायाच्या पहिल्याच खड्ड्यात लाइन फुटली. तीस वर्षांपूर्वी रस्त्यालगत विहीर होती, म्हणून पाइप मैदानातून वळवला होता. पुढे विहीर बुजली आणि ते वळण नकाशात कधी चढलंच नाही. मामांनी मात्र तिथला चर स्वतः खणला होता. सात गावं एकोणीस दिवस टँकरवर राहिली. मग टोलवाटोलवी सुरू झाली. लाइन कुणी हलवायची, नकाशा कुणाचा, चूक कुणाची? चारही खाती एकत्र आली ती फक्त एकमेकांना पत्रं लिहायला. तीन वर्षं झाली, रुग्णालय अजून खड्ड्यातच आहे.

मुक्ताबाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. बीडहून परतताना, एसटीतच.

मी भेटायला गेले. मामा तोवर रिटायर झाले होते. मी विचारलं, "मामा, एवढं माहीत होतं, तर बोलला का नाहीत?" त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"तुमी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, एवढे शिकलेले लोक, ठाऊक आसंलच." मग सुनेला हाक मारली, "पौर्णिमा, म्याडमला च्या ठेव. लांबून आल्यात."



पाहणीचा फोटो अजून फाइलीत आहे. पुढे आम्ही चार खात्यांचे चार साहेब गळ्यात हार घालून हसतोय. मागे मामा चावी टेकवून उभे आहेत, आणि बरोबर त्याच जागी आज तो खड्डा आहे. त्याच दुपारी छापून तो सहीच्या कागदालाच टाचलेला होता. तो बाजूला सारून मी सही केली होती.