विमानतळ कसा वाटला?

आमच्या घरात महत्त्वाचे प्रश्न सरळ विचारायची पद्धत नव्हती. भांडण मिटलं का, हे विचारायचं नसे, "चहा घेणार का?" एवढं म्हटलं की मिटलं. तसंच माझा मोठा भाऊ परदेशातून आला, की "तू आता कायमचा कधी येणार?" हे कुणी विचारायचं नाही. "विमानतळ कसा वाटला?" असं विचारायचं. कित्येक वर्षं आम्ही दादाला हा एकच प्रश्न विचारत राहिलो आणि त्याच्या उत्तरात दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत राहिलो.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दादा नोकरीसाठी अमेरिकेला गेला तेव्हा देशाची दारं उघडली असं रोज पेपरात येत होतं. बाबा म्हणायचे, "दारं उघडली ती बाहेरच्यांनी आत यावं म्हणून, आणि आपला मुलगा त्यातूनच बाहेर पडला." हे ते हसत म्हणायचे, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही. जाताना दादा म्हणाला होता, दोन-तीन वर्षं अनुभव घेतो आणि येतो. शेजारी ओडिशाचे काका होते, वर तमिळ कुटुंब, समोर पंजाबी आंटी. सगळे त्याला निरोप द्यायला खाली उतरले होते आणि सगळ्यांनी ते दोन-तीन वर्षांचं बोलणं ऐकलं होतं. आईने तर ते कोरूनच ठेवलं.

तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा घरून निघतानाच बाबांनी आईला बजावलं, "पोरगा दमून येतोय. आल्या आल्या त्याला पेचात टाकायचं नाही." आई बरं म्हणाली. पण दादा गाडीत बसला आणि तिने त्याचा हात हातात घेतला तेव्हा तिच्या तोंडावर तो प्रश्न अगदी आलाच होता. बाबांनी तो वरच्या वर झेलला. "काय मग, आपला विमानतळ कसा वाटला?" घाईघाईत सुचलं ते विचारलं त्यांनी.

आणि दादा सुटला! सामानाचा पट्टा मध्येच बंद पडतो. पासपोर्टवर शिक्का मारणारा माणूस मान वर करून बघतसुद्धा नाही. ट्रॉलीचं एक चाक पूर्वेला, एक पश्चिमेला. बाथरूमबद्दल तर आई समोर होती म्हणून तो थोडक्यात बोलला. बाहेर आलं की टॅक्सीवाले असे तुटून पडतात, की आपण परीक्षेत पहिले आलोय असं वाटावं. आम्ही पोट धरून हसलो. बाबा मात्र हसता हसता मन लावून ऐकत होते. सरकारी माणूस, सरकारची प्रत्येक तक्रार स्वतःच्या अंगाला लावून घ्यायची त्यांना सवय. शेवटी गंभीरपणे म्हणाले, "बघतो. कुणाला तरी सांगायला हवं."

त्यांचं खातं शेतीचं. विमानांशी त्यांचा संबंध एवढाच, की ती क्वार्टरच्या वरून जायची.

तेव्हापासून ती रीतच पडली. दादा यायचा, बाबा विचारायचे आणि दादा तक्रारींची पोतडी उघडायचा. संध्याकाळी फिरायला गेले की बाबा ते सगळं कॉलनीतल्या लोकांना सांगायचे. "पट्टा अजून तसाच आहे म्हणे." ओडिशाचे काका एकदा म्हणाले, "साहब, आपका बेटा छुट्टी पर आता है या इन्स्पेक्शन पर?" बाबाही हसले. पण घरी आल्यावर स्वयंपाकघरात आईला हळूच म्हणाले, "त्याचं म्हणणं चूक नाही. जिथे उतरल्या उतरल्या असा अनुभव येतो, तिथे कोण कशाला परत येईल?"

झालं. आईने ते पदराच्या गाठीला बांधलं. दादा येत नव्हता त्याला आता कारण मिळालं होतं, आणि ते कारण आमच्यात कुठेही नव्हतं. ते पालम विमानतळाच्या त्या पिवळट दिव्यांच्या इमारतीत होतं. सुधारता येण्यासारखं होतं. मला विचाराल तर तेव्हा मलाही ते पटलं होतं. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

आईने आपल्या परीने सुधारणा सुरू केल्या. आत प्यायला धड पाणी नाही, असं दादा म्हणाला, तर पुढच्या खेपेला ती उकळून गार केलेलं पाणी घेऊन बाहेरच्या कठड्याशी उभी. डास चावतात म्हणाला, तर मलम. थंडीत तासन् तास धुक्यात अडकलो म्हणाला, तर ती त्याच्यासाठी शाल घेऊन गेली आणि तो मे महिना होता. दादा म्हणाला, "आई, यार, काय हे!" आणि ती शाल त्याने त्या उन्हात गाडीत बसेपर्यंत खांद्यावर ठेवली. तेवढ्यावर तिचे पुढचे सहा महिने गेले.

बाबा रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडायची वेळ आली. सगळे नातेवाईक म्हणाले, आता पुण्याला या. आपली माणसं आहेत, नाटकं आहेत, हवा आहे. आईचाही जीव पुण्यात अडकलेला. दिल्लीत पाऊण आयुष्य गेलं तरी भाजीवाल्याशी हिंदी बोलताना ती अजून पुण्याच्याच कोथिंबिरीची आठवण काढायची. पण बाबांनी नोएडात फ्लॅट घेतला. "मुलाचं विमान दिल्लीला उतरतं," ते म्हणाले. "तो आला आणि आपण पुण्यात, हे बरं दिसतं का?"  आईने मुकाट्याने बांधाबांध केली.

नोएडा तेव्हा नुसते आकडे होते. अमुक सेक्टर, तमुक सेक्टर, मध्ये धुळीची मैदानं. दिवसातून कितीदा तरी वीज जायची आणि सगळ्या सोसायटीचे जनरेटर एकदम घरघरायला लागायचे. माझी नोकरी तिथल्याच एका ऑफिसात होती, म्हणून मला सोयीचं झालं. पण आई बाल्कनीत उभी राहून समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे बघायची तेव्हा मला तिच्याकडे बघवत नसे. शेजारी कोण आहे हे कळायलाच वर्ष गेलं. लक्ष्मीबाई नगरमध्ये तिची हाक चार घरांत जायची, इथे तिला हाक मारायला माणूस नव्हतं.

मग विमानतळाचं काम निघालं. नवीन टर्मिनल बांधणार, जगातल्या मोठ्या विमानतळांच्या तोडीचं, अशा बातम्या यायला लागल्या आणि बाबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. पेपर आला की आधी ते पान. इतके मजले, इतके जिने, सामानाचे इतके पट्टे. जणू घरात लग्न निघालंय आणि मांडव हेच घालतायत! फोनवर दादाला सगळं सांगायचे. दादा म्हणायचा, "अच्छा? बिल्कुल नवीन? वा!"

टर्मिनल सुरू झालं आणि बाबांनी मला सुट्टी घ्यायला लावली. आम्ही तिघं गाडीने नुसतं बघायला गेलो. तिकीट नसताना आत सोडत नाहीत, तेव्हा बाहेरूनच काचेतून पाहिलं. आत सगळीकडे गालिचा. कुणीतरी प्रवासी बाहेर पडता पडता कुरकुरत होता, की गालिच्यावर सामानाची गाडी ढकलताना दम लागतो. बाबा त्याच्यावर असे भडकले! "लोगों को कुछ भी दो, रोना ही है," असं त्याच्या पाठीमागे मोठ्याने म्हणाले. दुसऱ्या कुणी विमानतळाला नाव ठेवलेलं त्यांना खपत नव्हतं. तो हक्क दादाचा.

त्या वर्षी दादा आला. बायको-मुलांना घेऊन आला. बाबा ठेवणीतला कोट घालून उभे होते. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "मग? कसा वाटला?"

"बाबा, मान गये! आमच्या तिथल्यापेक्षा छान. बॅगा तर आमच्या आधी येऊन थांबल्या होत्या. आणि ते भिंतीवरचे नृत्यमुद्रांचे मोठे हात बघितलेत? मुलांनी फोटो काढले."

बाबांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. पण नंतर बोलायला काही उरलं नाही. एरवी नोएडा येईपर्यंत तक्रारी पुरायच्या. त्या दिवशी यमुनेच्या पुलाआधीच गाडीत शांतता झाली. वहिनी डुलक्या घेत होती, मुलं फोनमध्ये, दादा खिडकीबाहेर बघत होता. त्या एका वाक्याने मला आत कुठेतरी टोचलं होतं. "आमच्या तिथल्यापेक्षा." घरच्या जेवणात मीठ कमी आहे असं घरचा माणूस म्हणतो. पाहुणा म्हणतो, सगळं छान झालंय. दादा सगळं छान झालंय म्हणाला होता.

बाबांना मात्र तसं काही वाटलं नाही. आता अडचण उरली नाही, असं ते आईला चार वेळा म्हणाले. दादा दोन आठवडे राहिला आणि गेला. आता बोलेल, मग बोलेल म्हणून दोघं वाट बघत राहिली. तो काही बोलला नाही, आणि ह्यांनी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी फोन वाजला. बाबांनी स्पीकरवर घेतला, त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं. दादा होता. "बाबा, ओळखा मी कुठे आहे! तुमच्या एअरपोर्टवर!"

आई सोफ्यावरून उठलीच. कामासाठी तो बंगलोरला निघाला होता. अगदी अचानक ठरलं, म्हणाला, म्हणून आधी कळवलं नाही. पूर्वी परदेशाचं टर्मिनल एकीकडे, देशातलं दुसरीकडे, मध्ये चांगलाच रस्ता. त्याला बाहेर यावंच लागायचं, आणि बाहेर आला की घरी आल्याशिवाय पुढे जायचा नाही. आता सगळं एका छपराखाली. इकडून उतरायचं, तिकडून चढायचं. "इतकं सोपं केलंय ना बाबा, बाहेर यायची गरजच नाही!" तो अगदी मनापासून कौतुक करत होता. परतीचं तिकीट थेट बंगलोरहून होतं.

बाबा म्हणाले, "वा, वा." मग काय विचारावं ते त्यांना सुचेना. इतक्या वर्षांचा तो प्रश्न विचारायच्या आधीच त्याचं उत्तर येऊन गेलं होतं.

तेव्हा आईने फोन त्यांच्या हातातून घेतला. अजिबात आवाज न चढवता विचारलं, "बाळा, तू कायमचा परत येणार आहेस का रे?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले, जणू तिने भर सभेत काही वावगं केलंय.  पलीकडून लोकांची वर्दळ ऐकू येत होती.

"नाही गं आई," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ते माहीत आहे. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. बाबा नेहमी एअरपोर्टचंच विचारायचे. त्यांना त्यात इतका इंटरेस्ट, म्हणून मी विमानातून उतरलो की मुद्दाम सगळं बघत बघत यायचो. काय मोडलंय, काय बंद आहे. त्यांना सांगायला. ते किती खुश होऊन ऐकायचे."

बाबा हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे विमानतळाचा काही संबंधच नव्हता," ते म्हणाले. मग हसले. "आणि मी उगाच इतकी वर्षं सरकारला शिव्या घातल्या." हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायला रुमाल शोधू लागले, तो त्यांच्या मांडीवरच होता.

मला दादाचा राग यायला हवा होता. आला असता तर सोपं झालं असतं. पण तो बिचारा आमच्यासाठी मोडकी चाकं शोधत यायचा, आणि आम्ही त्यावर नोएडात घर बांधून बसलो होतो. मला तो हवा होता. आत्ता, या खोलीत, पाय पसरून बसलेला, कुरकुरणारा. काही सुधारायला नको, कुठे काही चकचकीत व्हायला नको, फक्त तो हवा होता. इतकं साधं मागणं आमच्यापैकी एकानेही कधी तोंडाने मागितलं नव्हतं.

ते आईने मागितलं. फोन तोंडाशी धरून म्हणाली, "तू जरा बाहेर ये ना. आम्ही तिघं येतो तिथे. तासाभरात पोचतो. पाच मिनिटं नुसतं बघू दे. मी आता काही विचारणार नाही."

"आई, सिक्युरिटी झालीये." तो म्हणाला. "आत आलं की बाहेर सोडत नाहीत गं."

"बरं," आई म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही, त्यानेही ठेवला नाही. त्याच्या विमानाची घोषणा झाली, आधी हिंदीत, मग इंग्रजीत, आणि आम्ही तिघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.