भुरभुरीतली हाक

श्रावणातली सकाळ होती. घणसोली गावात आमच्या भाड्याच्या खोलीमागे दहा मिनिटांवर खाडी आहे. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, पूजेला आघाडा आणायला बांधावर गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ खाडीवरून ढग आला. धुकं जमिनीतून उठतं. हा वरून खाली बसला. आधी पलीकडचे टॉवर गेले, मग तिवरं, मग जवळचा विजेचा खांब.

भरती चढत होती. बांधाखालची वाट भरतीला बुडते, आणि आत्या साताऱ्याकडच्या. त्यांना नदी कळते, खाडी कळत नाही.

मी बांधापर्यंत धावले. हाक मारायची तर माझा आवाज निघत नाही. शाळेत चौथीपर्यंत होते, हजेरीलासुद्धा निघत नसे. कशीबशी एकदाच मारली, "आत्या." ओ आली नाही. खाली चिखलात पाणी शिरताना बुडबुड वाजत होतं.

घरमालकीण मागून आली. तिचा जन्म याच खाडीवर गेला. म्हणाली, "गप उभी ऱ्हा गो. आता भुरभुर लागंल. ढग गलला का त्याला भोकं परतात, मंग दिसंल."

पाऊस म्हणावा असं ते नव्हतंच. थेंब दिसले नाहीत, आवाज नाही, फक्त हातावरची लव पांढरी झाली. ढग स्वतःचंच पाणी सांडून विरत चालला. वर एक उजळ भोक पडलं, मग समोर. त्यात आत्या दिसल्या. अगदी जवळ, घोट्याच्या वर पाण्यात, आघाडा छातीशी धरून, खाडीकडे तोंड करून.

आम्ही दोघींनी धरून वर आणलं. "खेकडे धराला निंगालीस का म्हातारे?" घरमालकीण म्हणाली. आत्या हसल्या नाहीत.

मी विचारलं, "ओ का दिली नाही?"

"एकच हाक आली. एका हाकेला ओ देत्यात व्हय?"

आमच्याकडे हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. माणूस तीनदा हाक मारतो, एकदा मारणारं माणूस नसतं. मीच विसरले होते.

"मग पाण्यात का उतरलात?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तूच की. खालनं तीनदा हाक मारलीस."

आता घरातही मी त्यांना मोजून तीनदा हाक मारते. त्या ओ देत नाहीत. उठून येतात, माझं तोंड नीट बघतात, मगच बोलतात.