सुईनं पोचवलेलं बीज

लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता आणि नात्यातल्यांनी दोष माझाच ठरवून टाकला होता. कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात आम्ही दोघं निघालो, तर येवल्याहून सासूबाईही आल्या. सुनेचं काय बिघडलंय ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले. माझं सगळं ठीक होतं. नवऱ्याचे शुक्राणू मात्र कमी होते, आणि होते तेही फार सावकाश चालत होते. माझा नवरा म्हणजे चहावर साय धरेपर्यंत विचार करत बसणारा माणूस; मला हसू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "तो चालायलाच लय उशिरा लागला होता."

डॉक्टरबाईंनी समजावलं. बाईची अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. वयात आल्यावर महिन्याला साधारण एक पिकून बाहेर पडतं. पुरुषाचं बीज रोज नव्यानं बनतं, पण पूर्ण तयार व्हायला अडीच-तीन महिने घेतं, आणि त्याला उष्णता सोसत नाही. तेव्हा तंबाखू बंद, मांडीवर लॅपटॉप नको, कढत पाण्याची अंघोळ नको.

सासूबाई येवल्याला परत गेल्याच नाहीत. गिझरचं बटण त्यांच्या ताब्यात गेलं. ऐन थंडीत नवरा बाथरूममध्ये कण्हायचा आणि टॉवेल देताना मी विचारायचे, पळायला लागले का?

तीन महिन्यांनी संख्या थोडी वाढली, चाल तीच राहिली. मग माझी अंडी काढून, प्रत्येकात एकेक शुक्राणू बारीक सुईनं सोडायचं ठरलं. एरवी लाखो निघतात, बहुतेक वाटेतच थकतात आणि एखादाच आत शिरतो, असं डॉक्टरबाई सांगत होत्या.

"म्हणजे इथंबी सोडायला जावंच लागलं," सासूबाई म्हणाल्या. "शाळेत दहावीपर्यंत मीच सोडत होते."

बीज सुईनं सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. काही अंड्यांत दोन केंद्रकं दिसत होती, एक माझ्याकडचं, एक त्याच्याकडचं. फलन झालं होतं. नवरा खुर्चीत बसला, "शेजारी शेजारी" एवढंच पुटपुटला आणि डोळे पुसू लागला. मला चिडवायला काही सुचलं नाही.

पहिल्या खेपेला गर्भ रुजलाच नाही. महिनाभर घरात कुणी कुणाची थट्टा केली नाही. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली.

बारशाला येवल्याचं घर भरलं होतं. नवऱ्याच्या आत्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, देवानं तुझ्यातली उणीव भरून काढली गं. मी हसून सोडून देणार होते. नवरा घुगऱ्या वाढत होता.

"आत्या, उणीव माझ्यात होती," तो म्हणाला. "हिच्यात काहीच नव्हती."

आत्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पाळण्याची दोरी ओढत होत्या.

"खरं हाय ते," त्या म्हणाल्या. "घुगऱ्या घ्या अजून."