आईच्या खोलीला किती टन

गेल्या मे महिन्यात आई खिडकीशी बसल्या बसल्या कलंडली. भर दुपार, कूलर डोक्याशी चालू, मांडीवर निवडायला घेतलेला लसूण. दोन सलाईन लागल्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांचं वय बघा. पुढच्या उन्हाळ्यात खोली थंडच पाहिजे, कूलरवर भागणार नाही. असा दुसरा झटका त्यांना झेपेल, याची हमी मी देत नाही."

म्हणून या फेब्रुवारीत मी टेप घेऊन आईच्या खोलीत शिरलो. खिडकीत बसवायचा एसी घ्यायचा हे ठरलं होतं. किती टनाचा, एवढंच ठरायचं होतं.

आमच्या जळगावात हा हिशेबाचा प्रश्न राहिलेला नाही, तो इभ्रतीचा आहे. लग्नाच्या पंगतीत पूर्वी नवरदेवाचा पगार विचारत, आता खोलीचे टन विचारतात. धुळ्याच्या माझ्या मेहुण्यानं आठ बाय दहाच्या खोलीत दोन टनाचा एसी लावला आहे. फोनवर म्हणाला, "दाजी, दोन टनाच्या खाली उतरू नका. आमच्याकडे मे महिन्यात रजई लागते."

"मग एसी बंद करून रजई वाचवायची."

"तुम्हाला नाही समजायचं ते," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं असावं.

बाजारातल्या दुकानाचे शेठ तर मी टेपवरचे आकडे सांगू लागताच हसले. "साहेब, डोळे मिटून दीड टन. गावात कोणालाही विचारा."

डोळे मिटून मी भाजीसुद्धा घेत नाही. घरी येऊन रीतसर मांडणी केली. खोली बारा बाय दहा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. साध्या हिशेबानं एक टन पुरे. पण डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारभर तापणारी. शिवाय यंत्रावर लिहिलेली ताकद बाहेर पस्तीस अंश असताना मोजलेली असते, आणि मे महिन्यात आमच्याकडे पस्तीस म्हणजे सकाळचे दहा. खोलीत राहणारं माणूस मात्र एकच. यावर बायकोनं तोड सुचवली. स्लॅबला चुना मारायचा, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हिरवी जाळी बांधायची. उष्णता आत येण्याआधीच अडवली तर एक टन पुरतो. मला हे पटलं. चुना मारूनही झाला.

आणि मग आईनं नुसता एकच प्रश्न विचारला. "त्यानी गरम हवा कोठे जाई?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चुकीची माहिती देणं माझ्या स्वभावात नाही. मी सांगितलं, की एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. खोलीतली सगळी, आणि वर यंत्राची स्वतःची. जितके टन जास्त, तितकी बाहेर फेकलेली उष्णता जास्त.

"बाहेर म्हंजे खिडकीबाहेर?"

"हो."

"खिडकीबाहेर अक्का बठेल शे."

अक्का म्हणजे शेजारची म्हातारी. आईची खिडकी उत्तरेला, गल्लीकडे. तिच्या खालीच आमचा ओटा. तिथे दुपारी सावली असते, म्हणून अक्का जेवण झालं की ओट्यावर येते आणि आई आतून गजाला टेकते. ही बैठक मी कॉलेजात होतो तेव्हापासून चालू आहे. गल्लीतली अर्धी लग्नं त्या गजांमधून जमली आणि काही मोडलीही.

"माले गार, नि तिले भट्टी?" आई म्हणाली. "ती का माणूस नही? माले नको ते मशीन."

मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, डॉक्टरांना ओट्यावर बसवून बघ.

अक्काशीच बोलावं म्हणून मी बाहेर गेलो. तिनं सगळं ऐकलेलंच होतं. त्या खिडकीतून काहीही ऐकू येतं. ती म्हणाली, "भाऊ, मन्हं भरीत करस का काय?"

मार्च अर्धा संपला. पारा चढू लागला, तसा आईचा चेहरा उतरू लागला. दुपारी ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन गजाशी बसायची आणि मी कामावरून दोनदा घरी फोन करायचो, आई कशी आहे. अर्ध्या टनानं भागतं का, तेही पाहिलं. भागत नव्हतं. डॉक्टरांच्या मते खोली थंड हवी होती आणि आईच्या मते ओटा. कोणत्याही टनात हे दोन्ही बसत नव्हतं.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, अक्कांना आतच बोलवा ना."

इतकी साधी गोष्ट माझ्या मांडणीत नव्हती. आईला विचारलं. ती म्हणाली, "अक्का एकटी कशी येई? तिन्या बठ्ठ्या बाया शेत ना."

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. सगळ्या म्हणजे किती ते मी विचारलं. ओट्यावर रोज अक्का धरून चौघी बसत. आई पाचवी.

मी पुन्हा कागद घेतला. बसलेलं माणूस जुन्या शंभराच्या बल्बइतकी उष्णता टाकतं. मी एका बल्बाचा हिशेब केला होता, आता पाच झाले. बोलत्या बाईचा बल्ब जरा जास्तच जळत असणार, पण त्याचा आकडा मला कुठे मिळाला नाही. दार तर दुपारभर उघडझाप होणारच. चुना, जाळी सगळं वजा करून उत्तर आलं दीड टन.

शेठकडे गेलो. "दीड टन," मी म्हणालो.

"मी काय म्हणालो होतो?"

"तुम्ही डोळे मिटून म्हणाला होता. मी मोजून आलोय."

"मशीन तेच आहे ना, साहेब?" शेठ म्हणाले आणि पावती करायला घेतली.

एप्रिलात एसी बसला. उरलेल्या खिडकीला आईच्या हट्टानं साधी काच लावली, गल्ली दिसायला हवी म्हणून. चौघीही आत आल्या, आईसकट पाच झाल्या. चोवीस अंशांवर दोघींनी पदर कानावर घेतले. मग बहुमतानं अठ्ठावीस ठरलं आणि रिमोट अक्काच्या कमरेला खोचला गेला. आता दुपारी मला त्या खोलीत चष्मा आणायला जायचं तरी दार वाजवावं लागतं. मे महिना आला, पारा चव्वेचाळीसला गेला, आणि आई लसूण सोलत, लोकांचे संसार निस्तरत बसून होती. कलंडली नाही. मेहुणा आला, त्यानं सवयीनं टन विचारले. मी म्हणालो, "पाच म्हाताऱ्यांचा आहे." त्याला ते माप कळलं नाही.

ओटा मोकळाच पडला होता. एका दुपारी पाहिलं, तर त्यावर बाज टाकलेली, बाजेवर धोतर पसरलेलं आणि एसीच्या गरम झोताखाली ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातलेल्या. बिबड्या सावलीत होत्या. ना कबुतरं, ना धूळ, राखणीलाही कोणी नको. अक्का काचेतून लक्ष ठेवून होती. उन्हात लागतो त्याच्या निम्म्या वेळात त्या खडखडीत झाल्या, आणि गल्लीतल्या दोन घरांनी आपल्या कुरडयांसाठी नंबर लावला.

संध्याकाळी आईनं मला बोलावलं. बाजेवरची एक बिबडी तिनं हातात घेऊन मोडून पाहिली.

"काय रे," ती म्हणाली, "तो दोन टनवाला बाहेर जास्त गरम फेकस ना?"