ओक्रो विकणारा पहिला माणूस

जानसुगची मिनीबस सकाळी नदीच्या काठाने खाली झुगदिदी शहराला उतरते आणि दिवेलागणीच्या आत पुन्हा डोंगर चढते. गाडी खच्चून भरलेली असते, पण चालवणाऱ्या जानसुगच्या शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा बटाट्याचं पोतं असतं. बायको गेली तेव्हा चाळिसाव्या दिवशी सगळा गाव त्याच्या घरी जेवला. त्यानंतर त्याचा उंबरा कोणी ओलांडला नाही. मुलगा इटलीत. तो फोनवर विचारतो, "बाबा, बर्फ पडला?" जानसुग म्हणतो, "पडला." तेवढ्यावर बोलणं संपतं.

अशा माणसाच्या आयुष्यात ओक्रो आलं. ओक्रो म्हणजे सोनं. पण हे फोनमध्ये राहणारं. राजधानी त्बिलिसीच्या तातिया नावाच्या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी जॉर्जियासाठी डिजिटल चलन काढलं होतं. देशभर वाटण्याआधी पहिलं वाटप आमच्या स्वानेतीच्या खोऱ्यात करायचं ठरलं. ती वर आली ती जानसुगच्या शेजारी, पोतं मांडीवर घेऊन.

"काका, भाड्यात हे घ्याल का?"

शेजारी बसून कोणी काहीतरी विचारतंय, एवढ्यावरच तो हो म्हणाला.

मग तो घरोघर हिंडला. लोकांच्या फोनमध्ये ओक्रो घालून देताना चुलीजवळ बसायला मिळे, कुब्दारीचा, म्हणजे मांस भरलेल्या रोटीचा, गरम तुकडा पुढे येई. भट्टीवाली लामारा मात्र हटून बसली होती.

"पाव दिला तर दिसतो. तुझं नाणं दिसत नाही."

"देव तरी कुठे दिसतो, लामारा?"

"देवाकडे मी पिठाचे पैसे मागत नाही."

पण शेवटी तिनेही घेतलं, आणि जानसुग रोज तिच्या भट्टीवर पाठ शेकत बसू लागला. गाव त्याला गमतीने खजिनदार म्हणे.

हिवाळा सरताना तातियाचा निरोप आला. अशी चलनं जिथे विकली-घेतली जातात, त्या एका एक्स्चेंजने ओक्रोला आपल्या बाजारात जागा दिली होती. देश नवा होता तेव्हा पैसे म्हणून चाललेली कुपनं जानसुगला आठवली. जो तो मिळेल त्या भावाने ती खपवू लागला आणि शेवटी त्या कागदांनी चुली पेटल्या. ओक्रोचं तसं झालं तर चुलीजवळची त्याची जागाही गेलीच.

आमच्याकडे शब्द पक्का करायला कागद लागत नाही, संत जॉर्जची प्रतिमा लागते. जानसुग देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या बेकानआजोबांकडे गेला.

"काय वदवून घ्यायचंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कोणी ओक्रो विकायचं नाही. कधीच नाही."

"पोरा, या शब्दाला आत जायचं दार असतं. बाहेर यायचं नसतं."

जानसुगला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. खोऱ्यातला घरटी एक माणूस देवळात आला. जानसुगने सर्वांआधी प्रतिमेवर हात ठेवून शब्द दिला. शब्द मोडणाऱ्याला गाव पंगतीला बसवत नाही आणि त्याच्यासाठी पेला भरत नाही, हे तिथे कोणाला सांगावं लागलं नाही.

बाजार उघडला त्या दिवशी सगळे लामाराच्या भट्टीवर जमले. परदेशात राबणारी आपली माणसं ओक्रो मागत होती, मागण्यांची रांग वाढत होती. विकलं कोणीच नाही. लोकांनी जानसुगच्या पाठीवर थापा मारल्या. तो त्या दिवशी गाडी घेऊन खाली गेलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तातियाचा फोन आला.

"काका, हे काय करून बसलात? विकणाराच नाही. जिथे व्यवहार होत नाही ते नाणं एक्स्चेंज काढून टाकतं. मग देशाच्या बाकीच्या भागात वाटप कुठलं?"

"पण न विकणं हीच निष्ठा ना, मुली?"

"निष्ठा आहे हो. बाजार नाहीये."

जानसुग पुन्हा म्हाताऱ्याकडे गेला. शब्द सोडवता येईल का?

"मी किल्लीवाला. घर माझं नाही." बेकानआजोबांनी किल्ली कमरेला अडकवली. मग म्हणाले, "पण एकाने मोडला तर एकाचाच मोडतो."

भाड्याचं साचलेलं ओक्रो खोऱ्यात सगळ्यांत जास्त जानसुगकडेच होतं. चोरून विकलं असतं तर संशय घराघरावर गेला असता. म्हणून तो भट्टीवर गेला, फोन पिठाच्या फळीवर ठेवला आणि सर्वांदेखत सगळं विकलं. पडद्यावर पहिल्यांदा भाव उमटला. लामाराने भट्टीजवळचं त्याचं स्टूल उचलून आत नेलं. तिचे डोळे भरले होते, पण स्टूल तिने नेलंच.

ओक्रो बाजारात टिकलं. त्बिलिसीत वाटप झालं, तिथे कोणी शपथ घेतली नव्हती, आणि घेणं-विकणं सुरू झालं. आता जानसुगच्या गाडीतले उतारू ओक्रोनेच भाडं देतात. फोन वाजतो, माणूस खाली उतरतो.

उन्हाळ्यात गावजेवण झालं. जानसुगने पाहुण्यांना देवळापर्यंत आणून सोडलं आणि तो गाडीतच बसून राहिला. लामारा रुमालात कुब्दारी बांधून खिडकीशी आली.

"जागा नाही ठेवता येत रे तुझी. शब्द आम्हीही दिलाय."

"जा तू. निवेल तुझं जेवण."

पंगतीत बेकानआजोबा उभे राहिले. देवाच्या नावाने पेला झाला, मेलेल्यांच्या नावाने झाला, मग त्यांनी ओक्रोच्या नावाने पेला उचलला आणि सगळं खोरं उभं राहिलं. जानसुगही गाडीतून खाली उतरून उभा राहिला. हातात पेला नव्हता. मंडळी बसल्यावर तो परत आत आला, शेजारच्या सीटवरचं पोतं जरा सरकवलं आणि तिथे रुमालाची गाठ सोडून कुब्दारी मांडली.