जोडणीचं बाकडं

माझे धाकटे दीर कात्री कानाला लावायचे. डोळे मिटायचे, कात्री एकदा उघडायची, एकदा मिटायची. आवाज गुळगुळीत आला की ती डब्यात, जरा खरखरली की परत बाकड्यावर. कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. मी भाऊजीच म्हणायची.

कात्रीची पाती आपल्याला सरळ दिसतात, पण ती सरळ नसतात हे मला त्या घरात आल्यावर कळलं. दोन्ही पाती किंचित वाकलेली असतात. म्हणून मिटताना ती एका वेळी एकाच जागी एकमेकांना लागतात, आणि ती जागा सरकत सरकत टोकापर्यंत जाते. हा बाक हलक्या हातोडीनं द्यायचा, मग स्क्रू बसवायचा, मग ऐकायचं. ह्याला म्हणायचे जोडणी. भाऊजींनी जन्मभर तेवढंच केलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दिवसभर जोड्याच जुळवतो, घरी येऊन परत तेच काम कुठं करू?" माणूस कामचुकार नव्हता, पण ह्या एका बाबतीत मात्र त्यांनी चक्क अंग काढून घेतलं.

आमच्या गल्लीत त्या कारखान्याचं काम नाही असं घर नव्हतं. आमचे हे भट्टीवर होते. समोरची पुठ्ठ्याचे डबे चिकटवायची. मी घरी बसून तयार कात्र्या तेलकट कागदात गुंडाळायची. मुलं म्हणायची, आई, तुझ्या हातचं सगळं तेलकट लागतं. लागणारच, ते तेल कात्रीचं होतं.

मग बाजारात बाहेरच्या देशातल्या कात्र्या आल्या. रंगीत मुठींच्या, दुकानाच्या दारात माळेसारख्या लटकवलेल्या. भाऊजींनी एक आणली, कानाला लावली आणि म्हणाले, "ही कात्री नाही, चिमटा आहे." सगळी गल्ली हसली. आमच्या कारखान्याला नुसतं पोलाद जेवढ्याला पडायचं तेवढ्यात ती अख्खी कात्री मिळत होती, तरी आम्ही हसत होतो. आधी कोपऱ्यावरच्या शिंप्यानं ती घेतली. मग सगळ्यांनी. शिंप्याला तरी मी काय बोलणार? माझ्या घरात बादली बाहेरची, पंखा बाहेरचा, पायातल्या चपलासुद्धा बाहेरच्या. आपल्याकडे हे सगळं बनवणारे कुणाचे तरी दीर होतेच की. ते कुठं जाऊन बसले, हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

भट्टी विझली. ती विझायच्या आधीच आमचे हे गेले, तेवढं एक त्यांनी बघितलं नाही. धार लावायची चाकं विकली गेली. माणसं एकेक करून कमी झाली आणि शेवटी भाऊजी एकटे राहिले. तेव्हा एका संध्याकाळी मालक स्वतः आमच्या घरी आले. म्हातारे झाले होते. जिना चढून धाप लागली होती, म्हणून आधी पाणी प्यायले.

"कानसेन, मी आता बनवणार नाही," ते म्हणाले. "बाहेरून तयार आणणार, आपल्या डब्यात घालणार आणि विकणार."

"आपल्या नावानं?"

"नाव तेवढंच उरलंय माझ्याकडं."

भाऊजींनी मालकांच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. मग म्हणाले, "आणि जोडणीचं बाकडं?"

"आमचा धाकटा मुलगा म्हणतो जागा अडते. पण कपडे शिवायच्या कारखान्याची मोठी ऑर्डर आलीय. डबे तुम्ही भरा. तेवढा माल वेळेत गेला तर मी त्याला सांगतो, बाकडं राहू दे. दुरुस्तीला थोड्याफार जुन्या कात्र्या येतात, त्या तुम्ही करत बसा."

"वेळेत जाईल," भाऊजी म्हणाले.

त्यांना जगात दुसरं काही नको होतं. ना पगारवाढ, ना मान. ते बाकडं आणि त्यावर एखादी बिघडलेली कात्री. मालक गेल्यावर त्या माणसानं शीळ घातली. शीळ त्यांना कधीच नीट जमली नाही, पण त्या दिवशी ती मी ऐकून घेतली.

माल आला. पहिल्याच दिवशी भाऊजी त्यातली एक कात्री घरी घेऊन आले.

"ऐका," म्हणाले.

"मला काय कळतंय? कात्रीसारखी वाजते."

"अशी खरखरायला नको." त्यांनी एक चिंधी कापून दाखवली. कात्री कापडाला चावत होती, कापत नव्हती.

"मग सांगा की मालकांना."

"मालक आले नव्हते. धाकट्यांना सांगितलं. ते म्हणाले, काका, डब्यात घालायच्यात, ऐकायच्या नाहीत."

"बरोबर बोललं पोरगं. बाकडं हवंय ना? मग घाला डब्यात आणि लावा झाकण."

"वहिनी, डब्यावर नाव आहे."

"नाव मालकांचं आहे. तुमचं नाव तर आपल्या विजेच्या बिलावरसुद्धा नाही."

ते हसले. जेवण झाल्यावर मात्र त्यांनी त्या कात्रीला स्क्रूच्या जागी ठोकलेलं रिव्हेट कोरून काढलं, पाती हातोडीनं हलकेच वळवली, आपल्याकडचा जुना स्क्रू बसवला. परत चिंधी कापली. कात्री सुरेख चालली. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, चला, मनासारखं एक झालं, आता उद्या गुमान डबे भरतील.

माल न्यायला ट्रक यायचा त्याच्या आदल्या दिवशी मी दुपारी जेवणाचा डबा घेऊन गेले. एके काळी त्या दारात उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागायचं, इतका चाकांचा आवाज. आता माझ्या चपला वाजलेल्या मला ऐकू येत होत्या. भाऊजी बाकड्याशी उभे होते. त्यांच्यासमोर एका बाजूला डावी पाती, एका बाजूला उजवी पाती, आणि जमिनीवर पोती अंथरून त्यांवरही पातीच पाती. सगळी ऑर्डर त्यांनी उघडून ठेवली होती.

मी डबा तिथंच खाली ठेवला. "भाऊजी, हे काय?"

त्यांनी वर बघितलं नाही. आमच्या कारखान्याची पद्धतच तशी होती. आधी सगळी पाती मांडायची, आतून जोडीजोडीची खूण करायची आणि मग एका बैठकीत जोडणी उरकायची, म्हणजे हात बसतो. आणि आमच्याकडे एका खेपेचं पोलाद म्हणजे एकाच स्वभावाचं. एक पातं वळलं की बाकीची तशीच वळणार, ह्यात शंका नाही. घरी ती एक कात्री जमली, तिच्या भरवशावर त्यांनी बाकीच्या सगळ्या उघडल्या. पण ही पाती कुठल्या कुठल्या पत्र्यांतून कापलेली होती कोण जाणे. एक पातं हातोडी मारली की उसळून परत सरळ व्हायचं, दुसरं चमच्यासारखं वाकून तसंच राहायचं.

"जमल्या किती?"

त्यांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात लहानशी रास होती.

"आणि बाकीच्या?"

"ऐकतच नाहीत, वहिनी," ते म्हणाले. लहान मुलाची तक्रार करावी तसं म्हणाले.

तेवढ्यात मालकांचा धाकटा आत आला. दारातच थांबला. मला वाटलं आता हा आकाशपाताळ एक करणार. पण त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

"काका, ह्या तशाच गेल्या असत्या हो."

"खरखरत होत्या."

"त्यांना चालणार होत्या. मी विचारून घेतलं होतं. बिघडली की टाकतात आणि दुसरी घेतात."

"टाकतात?"

"टाकतात."

भाऊजींनी हातातलं पातं खाली ठेवलं. मी आयुष्यभर त्यांना रागावलेलं बघितलं, दमलेलं बघितलं, भाऊ गेला तेव्हा रडताना बघितलं. पण तो चेहरा मी आधी बघितला नव्हता. बिघडली तर ती आपल्याकडे परत येईल, आपण ती नीट करू, ह्या हिशेबावर तो माणूस उभा होता, आणि पलीकडून काही परत येणारच नव्हतं.

नंतर मालक आले. सगळं बघितलं. कोपऱ्यातल्या राशीतली एक कात्री उचलून त्यांनी कागद कापला. "छान झालीय," म्हणाले, ती खिशात घातली आणि आत निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑर्डर दुसऱ्या व्यापाऱ्याला गेली. त्यानंही त्याच कात्र्या आणल्या, तिथूनच, फक्त डबा वेगळा. बाकडं जमिनीला बोल्टांनी पक्कं केलेलं होतं. काढणाऱ्यांना निघेना, तेव्हा भाऊजींनीच कोणता बोल्ट आधी सोडायचा ते दाखवलं. भंगारवाल्यानं ते आणि ती सुटी पाती एकाच गाडीत घातली.

पुढं काही दिवस ते घरी बसून होते. मला कामात मदत करायला बघायचे आणि मध्ये मध्ये यायचे. एका सकाळी धाकटा आला.

"काका, डबे भरायला माणूस लागतोच. तुम्ही असलात तर बरं."

भाऊजी नाही म्हणतील असं मला वाटलं. मी तर त्यांच्या वतीनं फणकाऱ्याचं उत्तरही जुळवून ठेवलं होतं. पण भाऊजी म्हणाले, "येतो."

तो गेल्यावर मी विचारलं, "खरंच जाणार?"

"घरी बसून तुमचं डोकं खाण्यापेक्षा बरं."

"मग डबा देते."

"डबा नको. दुपारी घरीच येत जाईन."

"इतकी वर्षं तर तिथंच जेवलात. आता एवढ्या उन्हात कशाला येरझारा?"

"बाकड्यावर बसून जेवायचो, वहिनी. आता बसू कुठं?"

मग ते रोज दुपारी घरी यायचे. मी ताट वाढायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना दुपारचं जेवण गरम मिळत होतं. थोडंसं जेवायचे, वहिनी, छान झालंय म्हणायचे, आणि उरलेली सुट्टी उंबऱ्याशी बसून काढायचे. पुन्हा जायची वेळ झाली की मलाच सांगावं लागायचं.